एंटर दाबल्यावर शेल नेमकं काय करतं

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडली की स्क्रीनवर डॉलरचं चिन्ह दिसतं ना, ते शेलने छापलंय. खिडकी टर्मिनलची, पण आत बसून तुमची ओळ वाचणारा प्रोग्राम म्हणजे शेल. आणि तो प्रोग्रामच आहे, बाकीच्या प्रोग्रामसारखा साधा, कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग नाही.

आज हे इतकं सरळ वाटतं, पण कोणालातरी तसा विचार आधी करावा लागला. १९६०च्या दशकात एमआयटीमध्ये लुई पूझँ नावाचे फ्रेंच इंजिनिअर होते, रोज त्याच त्याच कमांड टाइप करायला नकोत म्हणून त्यांनी रनकॉम नावाचा प्रोग्राम लिहिला, कमांड एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि तो त्या ओळीने चालवणार. पुढे मल्टिक्स या सिस्टिमसाठी त्यांनी ही कल्पना वाढवली आणि शेल हा शब्दही त्यांचाच, ते फ्रान्सला परत गेल्यावर पहिलं मल्टिक्स शेल ग्लेंडा श्रोडर यांनी लिहिलं. तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट बॅशआरसी नावाची शेलच्या सेटिंगची फाईल असेल, त्यातलं आरसी त्या रनकॉममधूनच आलंय.

शेल वेगळा प्रोग्राम असल्यामुळे ते बदलता येतं. म्हणून १९७१ मध्ये केन थॉम्पसनचं शेल आलं, १९७९ मध्ये स्टीफन बोर्नचं, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सने लिहिलेलं बॅश, आणि मॅकवर तर २०१९ पासून झेडशेल डीफॉल्ट आहे.

आता एंटर दाबूया. शेल ओळ वाचतं, तिचे शब्द पाडतं, पहिला शब्द म्हणजे कमांड असं धरून पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीत, दिलेल्या फोल्डरमधून तो प्रोग्राम शोधतं, मग स्वतःची एक प्रत काढतं, त्याला फोर्क म्हणतात, आणि त्या प्रतीच्या जागी तो प्रोग्राम चढवला जातो, त्याला एक्झेक. मूळ शेल तो संपायची वाट बघत थांबतं आणि संपला की परत डॉलर.

हे एकदा कळलं की एक जुनं कोडं आपोआप सुटतं. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाईलमध्ये, सीडी ही फोल्डर बदलायची कमांड लिहून फोल्डर बदललं, स्क्रिप्ट संपली, आणि बघतो तर आपण होतो तिथेच! कारण प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, चालू फोल्डर तिचा स्वतःचा असतो, स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालली, तिने तिचा फोल्डर बदलला आणि ती संपली, तुमच्या शेलला त्याचा पत्ताही नाही. म्हणूनच सीडी हा बाहेरचा प्रोग्राम असून चालतच नाही, तो शेलच्या आतच असावा लागतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम घडतं ते फोर्कच्याही आधी. शेल तुमची ओळ बदलतं. तुम्ही आरएम (फाईल काढून टाकायची कमांड), स्पेस, स्टार डॉट लॉग लिहिलंत आणि जुळणाऱ्या फाईली असतील तर आरएमला तो स्टार दिसतच नाही, शेल आधीच जुळणाऱ्या फाईलींची नावं तिथे भरून मोकळं होतं. व्हेरिएबलचंही, म्हणजे किंमत साठवलेल्या नावाचंही, तसंच, एफ नावाच्या व्हेरिएबलसाठी डॉलर एफ लिहिलं की त्या जागी किंमत येते आणि कोट नसतील तर बॅशमध्ये त्या किमतीचे स्पेसवर परत तुकडे पडतात.

हे मी फाईल गमावून शिकलोय. फोल्डरमध्ये दोन फाईली होत्या, एक 'अहवाल' आणि दुसरी 'अहवाल जुना'. जुनी काढून टाकायची म्हणून एफमध्ये 'अहवाल जुना' हे नाव ठेवलं आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलं आरएम डॉलर एफ, कोट न लावता. शेलने त्या नावाचे दोन शब्द केले, अहवाल आणि जुना. 'जुना' नावाची फाईल नव्हतीच, आणि 'अहवाल', म्हणजे जी ठेवायची होती नेमकी तीच गेली. आरएमने उडवलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. डॉलर एफच्या दोन्ही बाजूंना डबल कोट एवढंच हवं होतं. डबलच बरं का, सिंगल कोटमध्ये डॉलरचा अर्थच निघून जातो.

बाकी स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि शेलचा पत्ता, ते वाचून कर्नल ठरवतो ही फाईल कोणाच्या हातात द्यायची. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते, शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे गडबड, आणि शेलचं इफ त्या आकड्यावरच चालतं. पाइप १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळाला, डग मॅक्लरॉय यांनी त्याचा खूप वर्षं पाठपुरावा केला होता, एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट आणि दोघंही एकाच वेळी चालू.

आता तीच माझी स्क्रिप्ट परत चालवूया, फक्त वरती एक ओळ वाढवून, सेट मायनस एक्स. आता शेल प्रत्येक कमांड चालवायच्या आधी ती बदलून कशी झाली ते छापतं. कोट न लावता बघा, आरएमपुढे अहवाल आणि जुना सुटे सुटे. आता डबल कोट लावून परत, आणि या वेळी पूर्ण नाव एकाच कोटात बांधलेलं दिसतंय.