सॅमनच्या पिंजऱ्यांतील समुद्री उवा

पडद्यावर दिसणारा हा चपटा, तपकिरी जीव सॅमन माशाच्या पाठीवर चिकटलेला आहे. त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. मागे लोंबणारे दोन फिकट धागे म्हणजे अंड्यांच्या माळा असून प्रत्येक माळेत शेकडो अंडी असतात. ही पूर्ण वाढलेली समुद्री ऊ, मादी. खेकडे आणि कोळंबी ज्या कवचधारी वर्गात मोडतात त्याच वर्गातला हा परजीवी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, त्वचा आणि रक्त यांवर जगतो.

अटलांटिक सॅमनच्या अंगावर या उवा मत्स्यशेतीच्या कितीतरी आधीपासून आहेत. मात्र मोकळ्या समुद्रात मासे दूरदूर विखुरलेले असत आणि अंडी घालण्यासाठी ते नदीत शिरले की गोड्या पाण्यात उवा हळूहळू गळून पडत. त्यामुळे वसंतात नदीतून पहिल्यांदाच समुद्राकडे निघणाऱ्या कोवळ्या पिलांना किनाऱ्याजवळ उवांचा फारसा उपद्रव होत नसे.

1970 मध्ये नॉर्वेच्या हित्रा बेटावर समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे जमिनीत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये, अशा पिंजऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. उवांना आता बारा महिने, एकाच जागी, दाटीवाटीने राहणारे यजमान मिळाले.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी पहिल्या दोन अवस्थांत काहीच खात नाही. अंगातल्या साठ्यावर ती तगून राहते आणि प्रवाहाबरोबर वाहत जाते. तिसऱ्या अवस्थेत मात्र साठा संपण्याआधी तिला मासा गाठावाच लागतो. प्रकाशाच्या ओढीने ती वरच्या थरात येते, पण बर्फ वितळून आलेल्या गोड्या पाण्याचा थर लागला की त्याच्या खाली राहते. या काही दिवसांत ती कित्येक किलोमीटर दूर जाऊ शकते. पिंजऱ्याची जाळी मासे अडवते; अळ्यांना तिचा काहीच अडसर नसतो. म्हणूनच एखाद्या शेतात उवा वाढल्या की प्रवाहाच्या दिशेने असलेल्या पुढच्या शेतांनाही त्यांची लागण होते.

नॉर्वेत शेतमालकांना उवांची नियमित मोजणी करावी लागते. पिंजऱ्यातून काही मासे काढून त्यांना गुंगी आणली जाते, एकेक मासा उलटसुलट करून पाहिला जातो आणि टबातल्या पाण्यात गळून पडलेल्या उवाही हिशेबात धरल्या जातात. एका माशामागे सरासरी 0.5 प्रौढ मादी ही कमाल मर्यादा आहे. रानटी पिले समुद्राकडे निघतात त्या आठवड्यांत ती 0.2 वर आणली जाते. ऐकायला हे कडक वाटते. पण एका पिंजऱ्यात 2 लाखांपर्यंत मासे ठेवायला परवानगी आहे, म्हणजे नियम काटेकोर पाळूनही त्या एका पिंजऱ्यात अंडी देणाऱ्या 1 लाख माद्या असू शकतात. मर्यादा माशागणिक ठरते, तर फ्योर्डच्या पाण्यात उतरते ती एकूण बेरीज.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी 2017 मध्ये किनाऱ्याचे 13 विभाग पाडण्यात आले. उवांमुळे रानटी पिलांपैकी 30 टक्क्यांहून अधिक मरत असल्याचा अंदाज असेल, तर तो विभाग लाल ठरतो आणि तिथले उत्पादन 6 टक्क्यांनी घटवायला लावता येते.

उपचारांची गोष्ट तितकीशी सुखाची नाही. खाद्यातून दिले जाणारे एमामेक्टिन हे उवा मारणारे औषध सुरुवातीला प्रभावी ठरले. पण औषधाला दाद न देणाऱ्या उवा मागे उरल्या, त्यांचीच पैदास वाढली आणि हा गुण उत्तर अटलांटिकभर पसरला. त्यानंतर कोमट पाण्याची आंघोळ, पाण्याचे फवारे आणि ब्रश असे मार्ग आले. त्यांनी उवा सुटतात, मात्र त्वचा व कल्ले दुखावून मासेही मरतात. उवा खाण्यासाठी पिंजऱ्यात सोडलेले लम्पफिश आणि रास जातीचे मासेही मोठ्या संख्येने दगावतात. पिंजऱ्याभोवती वरच्या काही मीटरपर्यंत जाड कापडाचा घेर बांधला, तर बाहेरच्या अळ्या बऱ्याच अंशी अडतात, पण आतला प्राणवायू कमी होण्याचा धोका राहतो.

त्यामुळे भर आता एका प्रवाहावरची सगळी शेते एकाच वेळी रिकामी करून काही आठवडे तशीच ठेवण्यावर दिला जातो. यजमानच नसल्याने अळ्या मरतात. मात्र एकाही मालकाने आपले पिंजरे भरलेले ठेवले, तर शेजाऱ्यांनी नवे मासे सोडताच तिथूनच पुन्हा लागण सुरू होऊ शकते.