यकृताच्या गाठीला शेक दिल्यावर प्रतिकारशक्तीचे काय होते?

नमस्कार. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडून उपचारांसाठी कोल्हापुरात येणाऱ्या अनेक कुटुंबांना एक प्रश्न पडतो : यकृतातील गाठीला रेडिएशन, म्हणजे शेक, दिल्यावर प्रतिकारशक्ती वाढते की खचते? दोन्ही गोष्टी घडतात. मात्र समाजमाध्यमांवर बहुधा पहिलीच सांगितली जाते.

ती पहिली बाजू खोटी नाही. किरणांमुळे कर्कपेशीतील डीएनए तुटतो, त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर येतात, आणि पेशीतील सीगॅस-स्टिंग ही यंत्रणा ते जणू विषाणूचेच आहेत असे समजून इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे प्रथिन तयार करवते. मरणाऱ्या पेशींचे अवशेष डेंड्रिटिक या प्रतिकारशक्तीच्या पेशी लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि तेथे टी-पेशी, म्हणजे शत्रूपेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्या गाठीविरुद्ध सज्ज होतात. शेक न दिलेली दूरची गाठही क्वचित आक्रसते. या परिणामाला आर. एच. मोल यांनी 1953 मध्ये ‘अॅबस्कोपल’ हे नाव दिले. क्वचित हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

आता दुसरी बाजू. यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते, आणि रक्तातील लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) अगदी थोड्या किरणांनीही मरतात. शेक अनेक आठवडे चालला, तर दररोज नवे रक्त किरणांखाली येते. मोजक्या बैठकांत, नेमक्या जागी दिल्या जाणाऱ्या एसबीआरटी या प्रकारच्या शेकामध्ये हे नुकसान तुलनेने कमी असते. यट्रियम-90 या किरणोत्सारी मूलद्रव्याचे सूक्ष्म मणी यकृताच्या धमनीतून सोडले, तर त्यांचे किरण ऊतींमध्ये सरासरी अडीच मिलिमीटरच जातात. पण त्याचे अर्धायुष्य सुमारे 64 तास असल्याने मारा कित्येक दिवस चालू राहतो, आणि त्यानंतरही लिम्फोसाइट घटलेले आढळतात.

शिवाय आतड्यांकडून सतत येणारे परके घटक सहन करण्याची यकृताला सवयच असते. त्यात किरणांमुळे टीजीएफ-बीटा हा प्रतिकारशक्ती दाबणारा घटक वाढतो आणि कर्कपेशींवर पीडी-एल1 हा टी-पेशींना ‘थांबा’ सांगणारा रेणूही वाढू शकतो. म्हणूनच शेकासोबत इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्कपेशींविरुद्ध बळ देणारी औषधे, देण्याचे प्रयोग सुरू आहेत. कल्पना मला पटते. परंतु ती प्रत्येक रुग्णासाठी सिद्ध झालेली पद्धत नव्हे.

त्यामुळे सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) अहवालात केवळ हिमोग्लोबिन न पाहता लिम्फोसाइटच्या आकड्याबद्दलही डॉक्टरांना विचारावे. हिपॅटायटिस बी ची तपासणी मात्र शेकापूर्वीच व्हायला हवी, कारण यकृतात सुप्त असलेला हा विषाणू शेकानंतर पुन्हा सक्रिय होऊ शकतो आणि त्याला आवरणारी औषधे आधीपासून सुरू करता येतात.