दोन टचनी हरलेली मुलगी संघाला काय देते

(साताऱ्यात क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार मंडळी. साताऱ्याला सांघिक तिरंदाजी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज उरलेली नाही. आपल्या आदिती स्वामीनं 2023 मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण घेतलं आणि त्याच स्पर्धेत ज्योती सुरेखा आणि परनीत कौर यांच्यासोबत संघाचं सुवर्णही घेतलं. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघात होता. तिरंदाजीत संघाचा हिशेब सरळ असतो: तिघांनी आपापले बाण मारायचे आणि गुण एकत्र धरायचे. समोरचा संघ तुमचा बाण अडवू शकत नाही.

तलवारबाजीत तसं नाही. इथे समोर माणूस आहे आणि त्याचं कामच तुम्हाला अडवायचं आहे. तरी संघ म्हणून खेळायचं, पण पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्ट्यावर, मात्र एका वेळी एकटंच उभं राहायचं. हे कसं जमवलंय, आणि त्यातून आपल्या मुलांना काय शिकवता येईल, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे. वैयक्तिक लढतीची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तिच्यात मी वेळ घालवत नाही.

आधी जुनी पद्धत. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत संघात चौघे लढायचे. या चौघांपैकी प्रत्येकानं त्या चौघांशी एकदा लढायचं, म्हणजे सोळा लढती. लढत पाच टचची (टच म्हणजे समोरच्याला शस्त्राचा स्पर्श करून मिळवलेला एक गुण), आणि जो संघ आधी नऊ लढती जिंकेल तो विजयी. आठ-आठ झाले तरच टच मोजायचे. यात एक गोष्ट मला कायम खटकायची. 5-4 नं हरलेला आणि 5-0 नं हरलेला, दोघांची किंमत एकच. शेवटच्या टचपर्यंत झुंजलेल्या मुलाच्या चार टचना, सामना आठ-आठवर अडला नाही तर, काहीच मोल नाही.

1996 ला अटलांटात पद्धत बदललेली होती, आणि आज आपण जी खेळतो ती हीच. संघात तिघे आणि एक राखीव. प्रत्येकानं समोरच्या तिघांशी एकदा लढायचं, एकूण नऊ लढती. प्रत्येक लढतीला जास्तीत जास्त तीन मिनिटं. पण गुणफलक नऊ नाहीत, एकच आहे, आणि तो पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंत चालू राहतो. पहिली लढत कोणत्याही एका संघाचे 5 होईपर्यंत, दुसरी 10 होईपर्यंत, तिसरी 15, असं करत नववी 45 पर्यंत. तीन मिनिटं आधी संपली, तर जो गुणफलक असेल तिथून पुढची जोडी सुरू करते.

इथे शिक्षकांनी नीट लक्ष द्यावं, कारण शालेय स्पर्धांमध्ये मुलांना हे कुणी समजावूनच सांगत नाही. मुलं समजतात की आपली लढत पाच टचची आहे. ती पाच टचची नाही. समजा तुमची पहिली मुलगी 3-5 अशी मागे राहून परतली. दुसरी जाते तेव्हा लढत 10 पर्यंत आहे. समोरच्या मुलीला पाचच टच घ्यायचे आहेत, पण आपल्या मुलीला सात घेता येतात. तिनं सात घेतले आणि चार दिले, तर फलक 10-9 आणि आपण पुढे. मागच्याची उधारी पुढच्याच्या खात्यावर येते खरी, पण ती फेडायला जागाही जास्त मिळते.

टोकियोत कोरियाच्या मुलींनी सेबरमध्ये (फॉइल, ईपी आणि सेबर हे तलवारबाजीचे तीन प्रकार) कांस्यपदकासाठी इटलीशी लढताना हेच केलं. पाच लढती झाल्या तेव्हा त्या 15-25 अशा मागे होत्या. दहा टच. कुठल्याही पालकानं त्या वेळी सामान आवरायला घेतलं असतं. पण सहावी लढत 30 पर्यंत होती. इटलीला पाच टच उरले होते आणि कोरियाला पंधरा घेता येणार होते. त्यांनी तो सामना 45-42 नं जिंकला. जुन्या पद्धतीत पाच लढतींत असं मागे पडलेला संघ एका लढतीत एकच पाऊल पुढे सरकू शकला असता.

आता मला जे सांगायचंय ते. या पद्धतीत प्रत्येक संघात एखादी मुलगी अशी असते की ती समोरच्या सर्वांत तगड्या मुलीकडून हरणारच. ती किती टचनी हरते हे तिच्या हातात आहे. 5-3 नं हरून परतणारी मुलगी आणि 5-0 नं हरून परतणारी मुलगी यांच्यात तीन टचचं अंतर आहे, आणि सामना अनेकदा त्याहून कमी अंतरानं ठरतो. पॅरिसमध्ये 2024 ला महिलांच्या ईपीची अंतिम लढत इटलीनं फ्रान्सविरुद्ध 30-29 नं जिंकली. पुरुषांच्या ईपीत हंगेरीनं जपानला 26-25 नं हरवलं. नऊ लढती, आणि फरक एका टचचा. तो टच शेवटच्या खेळाडूनं मारला असं वर्तमानपत्रात येतं. पण चौथ्या लढतीत कुणीतरी मागे हटत, अंतर राखत, एक टच कमी दिलेला असतो, आणि तो तितकाच मोलाचा आहे.

म्हणून मी प्रशिक्षकांना विनंती करतो: सांघिक लढतीनंतर परत आलेल्या मुलीला "जिंकलीस की हरलीस" असं विचारू नका. "किती घेतलेस, किती दिलेस" असं विचारा. वजा दोन, अधिक एक, अशी वही ठेवा. वजा दोन घेऊन आलेल्या मुलीला शाबासकी द्यायची पाळी बरेचदा येते, आणि ती मोकळ्या मनानं द्या.

ईपीत हे सगळ्यांत जास्त उघड दिसतं. तिथे संपूर्ण शरीर लक्ष्य आहे, आणि दोघांनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत एकमेकांना टच केला तर दोघांनाही गुण. म्हणजे 43-40 असताना दोन दुहेरी टच झाले की 45-42, सामना संपला. पुढे असलेल्याला दुहेरी टच चालतो, मागच्याला तो परवडत नाही. आमच्या मुलांना हे उमगायला वेळ लागतो. पुढे असताना ती उगाच एकेरी टचच्या मागे धावतात. मात्र नुसतं पळत राहूनही चालत नाही. एक मिनिट टचच झाला नाही तर निष्क्रियतेसाठी पंच कार्ड दाखवतात. फॉइल आणि सेबरमध्ये हल्ल्याचा हक्क कुणाचा यावर गुण ठरतो, तिथे दुहेरी टचचा हा आधार नाही. सेबर तर इतकं वेगवान की तीन मिनिटांचा प्रश्नच येत नाही.

लढतींचा क्रम ठरलेला असतो. एका संघाला 1, 2, 3 हे क्रमांक आणि दुसऱ्याला 4, 5, 6. कुणाला कोणते, ते चिठ्ठीनं ठरतं. मग 3-6, 1-5, 2-4, 1-6, 3-4, 2-5, 1-4, 2-6, 3-5. हा क्रम घरी कागदावर लिहून पाहा. तिसरा क्रमांक पहिली, पाचवी आणि नववी लढत खेळतो. समोरचा पाचवा क्रमांक दुसरी, सहावी आणि नववी. म्हणजे शेवटी 3 आणि 5 समोरासमोर. 1 आणि 4 सातव्या लढतीतच मोकळे होतात. म्हणून साधारणपणे सर्वांत भरवशाचा खेळाडू 3 किंवा 5 वर, आणि नवखा 1 किंवा 4 वर ठेवतात. मला यात एकच सुचवायचंय. शेवटी कोण, हे ठरवताना जो सर्वांत छान खेळतो त्याला आंधळेपणानं ठेवू नका. 40-41 असताना ज्याचा हात थरथरत नाही त्याला ठेवा. ही दोन मुलं एकच असतील असं नाही, आणि हे सराव बघून कळत नाही, सामन्यातच कळतं. वेळ संपला आणि बरोबरी असली तर एक मिनिट जादा मिळतं. ते सुरू होण्यापूर्वी चिठ्ठी टाकतात, आणि कुणीच टच केला नाही तर चिठ्ठी ज्याच्या बाजूनं तो विजयी. पहिला टच झाला की सामना संपला. त्या एका मिनिटात उभं राहणं प्रत्येकाला झेपत नाही.

आणि राखीव खेळाडू. आपल्याकडे चौथा म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. हे मला मनापासून दुखतं. टोकियोत जपानच्या पुरुष ईपी संघानं सुवर्ण घेतलं, तेव्हा सातोरू उयामा राखीव म्हणून आला होता. अमेरिकेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याला उतरवलं. पुढे जपाननं अव्वल मानांकित फ्रान्सला 45-44 नं हरवलं आणि अंतिम सामना 45-36 नं जिंकला. बदल मनाला येईल तेव्हा करता येत नाही. ज्याला बसवायचं त्याच्या पुढच्या लढतीच्या आधीची लढत सुरू होण्यापूर्वी पंचांना सांगावं लागतं. म्हणजे एक लढत आधीच विचार करावा लागतो, आणि चौथा मुलगा घाम गाळून तयार असावा लागतो. चौथ्याला तिघांइतकाच सराव मिळाला नाही, तर हा नियम तुमच्या काहीच कामाचा नाही.

भवानी देवी टोकियोत ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली, तीही वैयक्तिक सेबरमध्ये. भारताचा संघ ऑलिंपिकला अजून पोचलेला नाही. संघ एका मुलीवर उभा राहत नाही, आणि तो शिबिरात आयत्या वेळी जुळवूनही होत नाही. तालुक्याच्या पातळीवर मुलांनी बाराव्या वर्षापासून सांघिक सामने खेळले तरच तो घडेल.

यावर आयोजकांची नेहमीची अडचण वेळेची. वैयक्तिक स्पर्धा आटोपतानाच संध्याकाळ होते, संघाचे सामने कधी घ्यायचे? हिशेब करून पाहा. नऊ लढती, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे बरोबरीचं जादा मिनिट सोडलं तर प्रत्यक्ष खेळ जास्तीत जास्त सत्तावीस मिनिटं. मध्ये टच नोंदवणाऱ्या तारा बदलणं, शस्त्र तपासणं, पंचांचे निर्णय धरले तरी एका पिस्टवर एक सामना साधारण तासाभरात बसतो. सेबरचा तर त्याहून बराच लवकर. कराड, वाई, कोरेगाव, फलटण, चार ठिकाणचे चार संघ आणि दोन पिस्ट असतील तर उपांत्य सामने सकाळी, अंतिम आणि तिसऱ्या जागेचा दुपारी जेवणापूर्वी. लहान मुलांसाठी टच पाचऐवजी तीन धरा, 27 ला सामना संपवा, सराव म्हणून काही बिघडत नाही. फक्त गुणफलक एकच ठेवा आणि तो नऊही लढती पुसू नका.