पाच वॅटचा आवाज

(दृश्य: डोंगरमाथा, पहाटेचं धुकं. पत्र्याच्या खोलीत उभे सहा लांबट डबे.)

पाटण आणि साताऱ्याच्या मधला हा डोंगर. इथे आमचा हौशी रेडिओचा रिपीटर आहे, म्हणजे खालून आलेला आवाज पकडून पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र. जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. असं काही घडलं की खालच्या खोऱ्यातला माणूस हातातल्या पाच वॅटच्या हँडीवरून, म्हणजे छोट्या वायरलेस सेटवरून, बोलू शकला पाहिजे. पण आम्ही वापरतो ती व्हीएचएफ रेडिओलहर जवळपास सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की अडते. म्हणून रिपीटर माथ्यावर.

रिपीटर ऐकतो 145.050 मेगाहर्ट्झवर आणि तेच त्याच क्षणी बोलतो 145.650 वर. अंतर फक्त 600 किलोहर्ट्झ, अँटेना एकच. बोलायची ताकद 25 वॅट, आणि कानावर येतो तो मायक्रोव्होल्टच्या काही दशांशाएवढा सिग्नल. स्वतःच्याच आवाजाने रिसीव्हर बहिरा होतो. आम्ही याला डिसेन्स म्हणतो. तो टाळायचं काम या सहा डब्यांचं, म्हणजे ड्युप्लेक्सरचं. तीन डबे रिसीव्हरकडे, तीन ट्रान्समीटरकडे.

(दृश्य: डब्याच्या झाकणावरचा दांडा, हातात पाना.)

प्रत्येक डब्यात मधोमध तांब्याची नळी, साधारण अर्ध्या मीटरची, म्हणजे लहरीचा पाव भाग. वरचा दांडा आत-बाहेर केला की आपली फ्रिक्वेन्सी पास होते. शेजारचा छोटा ट्रिमर फिरवला की नको असलेल्या फ्रिक्वेन्सीवर नॉच पडतो, म्हणजे स्क्रीनवरची रेघ खोल विहिरीसारखी खाली जाते. नॉच हलवला की पासही थोडा सरकतो, मग पुन्हा दांडा. असं पाच-सहा वेळा, एकेका डब्याला. घाई करणाऱ्याचं हे काम नाही.

सगळ्यात नाजूक क्षण लॉकनट आवळतानाचा. नट पाव फेरा फिरला तरी नॉच सरकतो. म्हणून एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा आणि डोळे नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणीयंत्राच्या स्क्रीनवर. तिन्ही डबे जोडले की नॉच इतका खोल जातो की या छोट्या यंत्राला त्याचा तळच दिसत नाही. म्हणून आधी डबे सुटे ट्यून करायचे.

पहिल्या वेळी आमचे दोन दिवस वाया गेले. डबे बरोबर होते. जोडवायर साध्या, एकपदरी जाळीच्या. त्यातूनच सिग्नल गळत होता. दुहेरी जाळीच्या केबल, मोजून कापून लावल्या, तेव्हा कुठे सुटका झाली.

(दृश्य: खोऱ्यातली वाडी. हँडी घेतलेला तरुण.)

आता खरी परीक्षा. एक ओएम, म्हणजे आमचे हौशी रेडिओवाले सहकारी, खाली वाडीत उभे आहेत. माथ्यावर आमचे काका आधी ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरवर त्यांना ऐकतात. आवाज बारीक, खरखर थोडी. आता ट्रान्समीटर सुरू. खरखर वाढली तर पुन्हा पाना हातात.

“काका, येतंय का?”

“येतंय. पुन्हा बोल.”

खरखर तेवढीच. त्यांच्या मागे कोंबडा आरवतो, तोही ऐकू येतो.

काका नटावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतात. नट हलला तर लगेच कळेल. मे महिन्यात पत्रा तापला की धातू प्रसरतो, तेव्हा पुन्हा मोजायला यायचंच आहे.