शंभरातल्या अठरा जागा

1795 सालचा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचं सरकारी विद्यापीठ चॅपल हिल गावात आहे. त्याच राज्यातल्या विल्मिंग्टनच्या बाजूनं एक तरुण तिथे येऊन पोचला. नाव हिंटन जेम्स. दीडेकशे मैल पायी तुडवत आला, असं तिथे अजून सांगतात. विद्यापीठ उघडून महिना होत आला होता, विद्यार्थी मात्र एकही नव्हता. पुढचे जवळजवळ दोन आठवडे अख्ख्या विद्यापीठात हा एकटाच.

समोर दिसतेय ती विटांची इमारत म्हणजे ओल्ड ईस्ट. हिची पायाभरणी 1793 ची. आज या आवारात शिरायला जगभरातून अर्जांची रीघ लागते. पण हिंटन जेम्स नॉर्थ कॅरोलायनाचाच होता, आणि बहुतेक जागा आजही त्याच्याच राज्यातल्या मुलांसाठी राखलेल्या आहेत.

1986 पासून इथला नियम असा: पहिल्या वर्षाच्या नव्या विद्यार्थ्यांत राज्याबाहेरचे 18 टक्क्यांहून जास्त नकोत. परदेशातून येणारेही याच अठरात. राज्यातल्या काही विद्यापीठांची मर्यादा पुढे वाढली, चॅपल हिलची तशीच राहिली. आणि हा नियम नुसता कागदावरचा नाही. मर्यादा ओलांडली म्हणून 2016 साली विद्यापीठाला 10 लाख डॉलरचा फटका बसला.

इतका हट्ट कशासाठी? राज्याची घटना वाचली की कळतं. विद्यापीठाचे लाभ राज्यातल्या लोकांना शक्य तितके विनाखर्च मिळावेत, असं तिच्यात लिहिलंय. विनाखर्च काही उरलेलं नाही, पण बाहेरच्याची फी घरच्याच्या चौपटीहून जास्त आहे. म्हणजे बाहेरचा विद्यार्थी तिजोरीला हवाहवासा, आणि तरी दार किलकिलंच.

आता छापलेल्या आकड्याकडे या. प्रवेशाचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आत, असं माहितीपत्रकात दिसतं. बाहेरचा मुलगा ते वाचून म्हणतो, पाचांत एक, जमेल की! पण हा आकडा दोन रांगांची सरासरी आहे. घरच्यांची रांग आखूड आणि दार रुंद, बाहेरच्यांची रांग कितीतरी लांब आणि जागा शंभरातल्या अठराच. बाहेरच्यांचं प्रमाण वेगळं काढलं, तर ते अलीकडे दहाच्याही खाली उतरतं. प्रवेश मिळूनही बाहेरची पुष्कळ मुलं दुसरीकडे जातात, म्हणून पत्रं अठराहून जास्त जणांना धाडावी लागतात. तेवढाच काय तो दिलासा.

सगळीकडे असंच आहे असं नाही. टेक्सासमध्ये तर कायद्यानंच ऑस्टिनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या 90 टक्के जागा राज्यासाठी ठेवल्यात. उलट मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये पदवीचे जवळपास निम्मे विद्यार्थी बाहेरचे. त्यामुळे कुठल्या विद्यापीठाला चांगलं म्हणतात, याच्या आधी ते कुठल्या राज्याचं आहे हे पाहावं, असं मला वाटतं.

मग आधीच तिथे जाऊन राहिलं तर? नॉर्थ कॅरोलायनाचे रहिवासी ठरायला तिथे किमान 12 महिने राहावं लागतं. शिवाय कायमचं राहायला आलोय हे पटवायचं. गाडीचं लायसन्स कुठलं, मतदार यादीत नाव कुठे, टॅक्स कुठे भरला, सगळं तपासलं जातं. मुलगा आईवडिलांवर अवलंबून असेल, तर त्यांचं बिऱ्हाड कुठे हेही बघतात. नुसतं शिकायला येऊन खोली घेतली, तर ते वास्तव्य धरत नाहीत. बारावीत असताना हे सुचलं, तर बारा महिने भरेपर्यंत अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.