पॅराडाइज टॅनेजर: ॲमेझॉनच्या शेंड्यांवरचा रंगीत पक्षी कसा ओळखावा

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात, बोलिव्हिया, पेरू आणि इक्वेडोरपासून गयानापर्यंतच्या सदाहरित जंगलांत, पॅराडाइज टॅनेजर हा चिमणीहून किंचित लहान गायक पक्षी राहतो. त्याचे डोके पोपटी असून चेहऱ्यावरची आखूड पिसे खवल्यांसारखी एकमेकांवर बसलेली असतात. गळा जांभळट निळा, छाती आणि कुशी फिरोजी, पाठ काळी आणि पाठीचा शेपटीलगतचा भाग लालभडक असतो. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात.

चित्रात हे सारे सहज ओळखता येते; जंगलात मात्र हा पक्षी आपल्या डोक्यावर कित्येक मीटर उंच शेंड्यांत वावरतो आणि आकाशाच्या उजेडापुढे त्याची केवळ काळी आकृती दिसते. म्हणून जाणकार निरीक्षक रंगांच्या आधी त्याच्या वागण्याकडे लक्ष देतात, आणि आमच्या मते या पक्ष्याची खरी ओळख तिथेच आहे.

तो सहसा एकटा नसतो. पाच-दहा जणांचा चपळ थवा सतत पुढे सरकत असतो आणि त्यात हिरवे-सोनेरी व फिरोजी टॅनेजर असे त्याचे जवळचे नातलगही मिसळलेले असतात. कीटक शोधताना तो आडव्या फांदीवरून पुढे जातो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकतो आणि मान खाली घालून फांदीची खालची बाजू तपासतो. हे वाकणे एकदा नजरेत बसले की काळ्या आकृतीवरूनही अंदाज बांधता येतो. मग तो उडाला की पाठीमागचा लाल डाग क्षणभर झळकतो. पश्चिमेकडच्या पक्ष्यांत हा भाग बहुतांशी पूर्ण लाल असतो, तर उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या पक्ष्यांत त्याची खालची बाजू पिवळी असते. त्यामुळे पक्षी कुठे दिसला याची नोंद ठेवणे फार मोलाचे ठरते.

हे रंग इतके तेजस्वी का दिसतात, याचा एक सुंदर उलगडा टॅनेजरांवरील 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून झाला. याच कुळातील नरांच्या लाल-पिवळ्या पिसांच्या टोकांखाली पांढरा थर आढळला. तो प्रकाश परत फेकतो आणि रंग उजळतो. निळ्या पिसांखाली काळा थर असतो. आरपार गेलेला प्रकाश तो शोषून घेतो, त्यामुळे निळाई अधिक गडद वाटते.

आहारात कीटकांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून अधिक, फळे असतात. टॅनेजर फळ अख्खे गिळत नाहीत, तर चोचीत चुरडून रस आणि गर घेतात. साधारण 2 मिलिमीटरपेक्षा मोठ्या बिया तिथेच गळून पडतात; बारीक बिया मात्र पोटात जातात आणि विष्ठेतून दूरवर पोहोचतात. जंगलात झाड कोसळून उजेड आत आला की उगवणाऱ्या अनेक झाडाझुडपांची फळे अशाच बारीक बियांची असतात, आणि त्यांच्या प्रसारात या थव्यांचा मोठा वाटा असतो.

ज्यांना हा पक्षी नीट पाहायचा आहे, त्यांनी शेंड्यांच्या उंचीवर बांधलेल्या निरीक्षण मनोऱ्यावर सकाळी लवकर चढावे आणि जवळच्या फळांनी लगडलेल्या झाडावर नजर ठेवावी. तिथे तो डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि पाठीचा काळा रंग, गळ्याचा जांभळा पट्टा व पोपटी डोके एकाच नजरेत दिसते.