मान वळवून मागे बघताना

(कोथरूड. सोसायटीचं पार्किंग. पहाटेचे साडेपाच.)

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांजवळ चार-पाच सायकली उभ्या असतातच. सीटवर धूळ, चेनला गंज, दोन्ही चाकं बसलेली. यातल्या कितीतरी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या. त्या वर्षी दुकानात सायकल मिळत नव्हती, नाव नोंदवून थांबावं लागायचं. पुढे ऑफिसं उघडली, शाळा उघडल्या, आणि सायकली खांबाला टेकल्या त्या टेकल्याच.

ही निळी, 21 गिअरची, माझ्या मुलाची. तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि ही इथे राहिली. मी रोज हिच्या शेजारून स्कूटर काढायचे. कधी हँडलवरची धूळ पुसावी असंही वाटलं नाही.

2023 च्या जूनमध्ये उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. म्हणाले, थोडी झीज सुरू झालीय, घाबरायचं कारण नाही. पळू नका, उड्या मारू नका, पण मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत. पोहा, नाहीतर सायकल चालवा. मग त्यांनी विचारलं, "सायकल येते ना तुम्हाला?"

मी 56 वर्षांची होते. माझ्या पिढीतल्या पुण्याच्या मुलीला हा प्रश्न पूर्वी कोणी विचारलाच नसता.

(नारायण पेठ. अरुंद बोळ, जुन्या वाड्याचा दरवाजा.)

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्यात, दोन खोल्यांचं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. हा कारखाना 1869 सालचा. सकाळी डबा कॅरिअरला अडकवायचा, पँटच्या पायांना क्लिपा लावायच्या आणि निघायचं. पावसाळ्यात रेनकोट, थंडीत कानटोपी, एवढाच काय तो फरक. पाळी सुटायच्या वेळी खडकीच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा. आई सांगायची, घंटांचाच आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. बाबांच्या उमेदीत सायकलला महापालिकेचा कर होता, त्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणाला डबलसीट घेतलं, तर पोलीस चाकातली हवा सोडून देत.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाबांना सायकल दरवाज्यामागे चिखलात आडवी सापडली. त्यांनी ती पूर्ण सोडवली, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, तेलपाणी केलं, आणि तीच पुढे कित्येक वर्षं वापरली. मी जन्मले तेव्हा ती घरात होती. मला ती माझ्याहून थोरली बहीण वाटायची.

मी शिकले भाड्याच्या सायकलवर, नदीपात्रात. तासावर भाडं. दुकानदार वहीत वेळ लिहून घ्यायचा, आणि ती साठ मिनिटं म्हणजे साठच असायची. सायकल मोठी, मी लहान. मधल्या नळीखालून पाय घालायचा, एक खांदा वर, एक खाली, आणि अर्धं अर्धं पायडल मारत जायचं. पुष्कळदा पडले. एकदा कोपर फुटलं. त्या सायकली गेल्या, ती दुकानंही गेली. 2017 च्या डिसेंबरात पुण्यात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या रंगीत भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा मला ती वही आठवली. त्याही काही काळाने दिसेनाशा झाल्या.

पाचवीत हुजूरपागेत गेले. लक्ष्मी रस्त्यावरची ही मुलींची शाळा 1884 पासूनची. आठवीत स्वतःची लेडीज सायकल मिळाली. हिरवी, पुढे बास्केट. दोन वेण्या, रिबिनी, बास्केटमध्ये दप्तर. पुढे एस. पी. कॉलेजलाही तीच. आम्ही चौघी टिळक रस्त्यावरून शेजारी-शेजारी बोलत जायचो. हे मी आजच्या मुलींना सांगते तेव्हा त्या बघतच राहतात. टिळक रस्त्यावर, चौघी, शेजारी-शेजारी!

मुलींना सायकल मिळणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती, आणि पुण्याने ती मोकळ्या मनाने दिली. कोणाची वाट बघायची नाही, बससाठी थांबायचं नाही, भावाला गळ घालायची नाही. क्लास सुटला की टांग मारायची आणि घरी. संध्याकाळी एकटीने पर्वतीपर्यंत जाऊन यायचं. ते स्वातंत्र्य होतं हे कळायला मला सायकल सुटून बत्तीस वर्षं जावी लागली.

(जंगली महाराज रस्ता. दुपारची वर्दळ.)

सुटली कधी, विचाराल तर तारीख सांगता येणार नाही. शिकले तो दिवस आठवतो, उन्हासकट. शेवटची चालवली तो दिवस आठवत नाही. ओळखीच्या कितीतरी जणींना विचारलं. कोणालाच आठवत नाही.

1972 साली लूना ही छोटी मोपेड आली, त्याच साली आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक स्कूटर आली. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. पुणं हळूहळू स्कूटरवर बसलं. 1991 मध्ये माझं लग्न झालं, मी कोथरूडला आले. बँकेतली नोकरी, पुढे पाळणाघर, एका हातात मूल, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. घरात स्कूटर होती. हिरवी सायकल माहेरी जिन्याखाली राहिली, आणि एका दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेली. आईने फोनवर सांगितलं, "दिली गं एकदाची." मी म्हटलं, "बरं केलंस."

(सायकल दुरुस्तीचं दुकान. हातांचे क्लोजअप.)

निळी सायकल हाताने ढकलत मी दुकानात नेली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली जागा, छताला टायर टांगलेले. दुरुस्ती करणारे काका सत्तरीच्या पुढचे. त्यांनी टायर अंगठ्याने दाबला. बसल्या बसल्या घडीवर रबर चिरलं होतं. "ताई, टायर-ट्यूब दोन्ही गेले. उभी सायकल चालत्या सायकलीपेक्षा लवकर मरते."

मग त्यांनी सायकल उलटी केली, सीटवर आणि हँडलवर. मागचं चाक फिरवलं. रिम एका जागी डावीकडे लहरत होती. "आउट आहे," ते म्हणाले. त्यांनी ब्रेकच्या काट्याला अंगठा टेकवला, नख रिमच्या अगदी जवळ धरलं आणि चाक हळू फिरवलं. जिथे रिम नखाला लागायची, तिथे 'टिक' असा बारीक आवाज यायचा. तिथला एक आरा चावीने पाव फेरा घट्ट केला, समोरचा पाव फेरा सैल. पुन्हा फिरवलं. टिक. पुन्हा पाव फेरा. दहा-बारा वेळा हे चाललं. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, काकांचं लक्ष नखाकडे. शेवटी चाक फिरलं आणि आवाज आला नाही. त्यांनी मान वर केली नाही, पुढचं चाक घेतलं.

मी एका डालड्याच्या जुन्या डब्यावर बसले होते. मला बाबांचे हात दिसत होते.

सीटची उंची ठरवताना काका म्हणाले, "टाच ठेवा पायडलवर. पायडल खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे." मी ऐकलं नाही. पाय जमिनीला पुरले पाहिजेत, असा हट्ट धरून सीट खाली ठेवून घेतली. परत सायकल सुरू करणारे जवळजवळ सगळे हे करतात, कारण पडायची भीती असते. आणि त्यानेच गुडघा दुखतो. सीट खाली असली की गुडघा फार वाकतो आणि वाटीवर दाब येतो. पंधरा दिवसांनी मी दुखरा गुडघा घेऊन पुन्हा गेले. काकांनी सीट अर्धा इंच वर केली. आठवड्याने आणखी अर्धा. तिसऱ्या वेळी टाच बरोबर बसली, आणि दुखणं हळूहळू थांबलं.

(सोसायटीचा अंतर्गत रस्ता. पहाट.)

पहिल्या दिवशी मी पहाटे उतरले, कोणी बघायच्या आत. टांग मारणं जमणार नव्हतं. सायकल तिरकी करून पाय पलीकडे टाकला, एक पायडल वर आणलं, जोर दिला. हँडल थरथरलं. आणि पुढच्या क्षणी सायकल चालू लागली.

तोल शरीर विसरत नाही, हे खरं आहे. ही आठवण लहान मेंदूच्या हवाली असते. सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, हे आपण कधी शब्दांत शिकलेलोच नसतो, म्हणून शब्दांसारखं ते विसरलंही जात नाही. बत्तीस वर्षांनी हात ते आपोआप करत होते.

पण एक गोष्ट गेली होती, आणि ती कोणी सांगितली नव्हती. मान. उजवीकडे वळायचं तर आधी मान वळवून मागे बघावं लागतं. शाळेत असताना हे किती सहज व्हायचं! आता मान अर्ध्यावर अडायची, आणि ती ओढून वळवली की हँडलही तिच्याबरोबर वळायचं. स्कूटरला आरसे असतात, त्यामुळे मान कधी आखडली ते कळलंच नव्हतं. म्हणून पहिले दोन महिने मी एकदाही उजवीकडे वळले नाही. चौक आला की उतरायचं, सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे जायचं, पुन्हा बसायचं. घरी रोज सकाळी खुर्चीत बसून मान डावीकडे, उजवीकडे. खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ दिसेपर्यंत.

सायकल ट्रॅकबद्दल बोलायलाच हवं. काही रस्त्यांवर ट्रॅक आहे, त्यावर गाड्या लावलेल्या असतात. कुठे मध्येच झाड येतं, कुठे बसथांबा, कुठे ट्रॅक एकदम संपतो आणि आपण थेट बसच्या पुढ्यात उतरतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे जमतं. साठीच्या बाईला प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावं लागतं. मला याचा राग येतो. ज्या शहराने मला तेराव्या वर्षी रस्ता दिला, त्याच्याकडेच मी तो पुन्हा मागतेय.

(एनडीए रस्ता. खडकवासला. धुकं.)

रविवारी पहाटे वारजे, शिवणे, उत्तमनगर करत खडकवासल्याला जायला लागले. घरापासून साधारण 15 किलोमीटर. पहिल्यांदा मी शिवण्यातूनच परत फिरले. वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा वरचा वेग उतरत जातो. ढोबळ हिशेब असा, की 220 मधून वय वजा करायचं, उरतील तेवढे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. शरीराला सावरायलाही वेळ लागतो. एक दिवस चालवली तर एक दिवस सुट्टी. मी दमाची खूण साधी ठेवली होती: चालवता चालवता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की गिअर हलका करायचा.

हे गिअर आमच्या वेळी नव्हते. चढ आला की उभं राहून पायडल मारायचं, नाहीतर उतरायचं. आता पुढची लहान चक्री, मागची मोठी, की पाय भराभर फिरतात आणि गुडघ्यावर भार येत नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या वयाच्या प्रत्येक बाईने ऐकावं. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, त्यामुळे हाडांना हवा तो ताण मिळत नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा सायकलबरोबर चालणंही हवं.

रस्त्यात बायका भेटू लागल्या. कोणी नुकती निवृत्त, कोणी सुनेची सायकल घेऊन आलेली. धरणाच्या भिंतीपाशी चहा घेताना प्रत्येकीच्या बोलण्यात कुठली तरी जुनी सायकल यायचीच. रंग सगळ्यांना आठवायचा.

(शिवाजी पूल. हिवाळ्यातली सकाळ.)

2024 च्या डिसेंबरात मी ठरवलं, बाबांच्या रस्त्याने जायचं. बाबा आता नाहीत. वाड्याच्या जागी पाच मजले उभे आहेत. तिथून सव्वासहाला निघाले. शनिवारवाड्यावरून शिवाजी पूल. हा पूल 1923 सालचा, शंभरी उलटलेला, पण पेठेतले जुने लोक अजून त्याला नवा पूलच म्हणतात. बाबाही म्हणायचे. पुढे कोर्ट, संचेती चौक, वाकडेवाडी, आणि मग सरळ जुना मुंबई रस्ता. डोक्यावर मेट्रो. बाबांनी बघितलेलं तिथे फार थोडं उरलंय.

खडकीला पोहोचले तेव्हा मोबाइलवर जवळपास 8 किलोमीटर झाले होते. एका बाजूचे. म्हणजे बाबा रोज 16 किलोमीटर जायचे, आठवड्याचे सहा दिवस, वरून कारखान्यातलं काम, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आम्हाला गणित शिकवायचे. दमलो असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. कामगार आत जात होते, बहुतेक मोटारसायकलवर. एक जण सायकलवर आला, साठीला टेकलेला, कॅरिअरला डबा, पँटला क्लिप. माझ्याकडे बघून त्याने घंटी वाजवली. मीही वाजवली.

परतताना पेठेत शिरायला उजवं वळण होतं. मागून गाड्यांचा आवाज येत होता. मी मान वळवली. पूर्ण वळली. हँडल सरळ राहिलं. मागे एक रिक्षा होती, बरीच लांब. उजवा हात बाहेर काढला. रिक्षा हळू झाली.

मी वळले.